जात ठेवा, हगवण कापा

आपले पणजोबा हगवणीनं वारले, ही गोष्ट माणसाला पन्नाशी उलटल्यावर, तालुक्याच्या कचेरीत, मागे गारपिटीच्या मदतीची रांग उभी असताना, मोठ्या आवाजात कळू नये. मला तशीच कळली. रेकॉर्ड रूमच्या इफ्फत मॅडमनी संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवून वाचलं, "शाम्या वल्द गोंद्या, जात कुणबी, मयत, कारण हगवण. हेच ना तुमचे?" मागच्या रांगेतल्या लोकांचा हरभरा गारांनी झोपवला होता. बिचारे कित्येक दिवसांत हसले नसतील. त्या दिवशी हसले.

आता आमच्या घरात हे पणजोबा म्हणजे श्रीमंत शामराव गोविंदराव देशमुख. सेमाडोहच्या जंगलात वाघाशी झुंजताना त्यांना मरण आलं असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. सांगणारा जितका म्हातारा, तितका वाघ मोठा. माझ्या वडलांच्या तोंडी तो साधारण गोऱ्ह्याएवढा होता, मोठेबाबांच्या तोंडी बैलगाडीएवढा झाला. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडलांचे थोरले भाऊ, खुशालराव, मुक्काम अकोला. त्यांचं पुढं येतंच, कारण ते आल्याशिवाय राहत नाहीत.

"हेच," मी हळू आवाजात म्हणालो.

"मॅडम," रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "मेलेले बरे सापडते तुमाले. आमी जिते हाओ तं यादीत नाव नाई."

तुम्ही विचाराल, मी पाटबंधारे खात्यातला वरिष्ठ लिपिक, ज्या कालव्याला पाणी नाही त्या कालव्याच्या फायली इमानानं सांभाळणारा माणूस, मी मेलेल्यांच्या नोंदी काहून शोधत होतो. तर माझ्या मुलीपायी. प्राजक्ताचा नागपूरला सरकारी वैद्यकीय कॉलेजात नंबर लागला होता. पण तो ओबीसीच्या यादीतून. खुल्या यादीत थोडक्यात हुकत होता. जातीचा दाखला होता, त्याची पडताळणी करून समितीचा कागद सोमवारपर्यंत कॉलेजात दिला नाही, तर जागा खालच्या नंबराला. खाजगी कॉलेजची फी भरायची तर धामणखेडचं वावर विकावं लागलं असतं, आणि त्या साली वावर घ्यायला कोण येत होतं? ठेक्यानं करणाऱ्यानंसुद्धा गारपिटीनंतर हात जोडले होते.

देशमुखांना ओबीसीचा दाखला कसा, हाही प्रश्न तुमच्या मनात आला असेल. मनातच ठेवा. जुन्या दफ्तरात आमच्यापुढे कुणबी लिहिलेलं आहे हे आमच्यात सगळ्यांना माहीत असतं. फक्त लग्नाच्या बैठकीत कोणाला आठवत नाही आणि ॲडमिशनच्या वेळी सगळ्यांना आठवतं. मी स्वतः जात अजिबात मानत नाही. सोयरीक सोडली तर.

इफ्फत मॅडम बाई कडक, पण सरळ. म्हणाल्या, "कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वहीची, नक्कल पाहिजे ना? आमच्या प्रिंटरचं टोनर मार्चपासून संपलेलं आहे. पानाचा फोटो पेन ड्राइव्हवर देते. बाहेरून प्रिंट मारून आणा, मी ताडून सही-शिक्का करीन." मी आभार मानले. सरकारी काम इतकं सोपं असतं हे मला सरकारी नोकरीत असून माहीत नव्हतं.

अमरावतीला घरी आलो तर फाटकात शेजारचे नत्थुजी उभे. नत्थुजी बोंडे, निवृत्त ग्रामसेवक, जातीनं कुणबी, आणि चार पोरांची पडताळणी करून बसलेले, म्हणून आमच्या साईनगरात या विषयातले शंकराचार्य. पंधरा वर्षांच्या शेजारात त्यांनी मला कधी 'देशमुख साहेब' सोडून हाक मारली नव्हती. माझं काम ऐकलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका.

"या, या देवमनराव," त्यांनी दोन्ही हात पसरले. "या आमच्यात. लय वर्सं लावली याले."

"तसं नाही नत्थुजी, कागदापुरतं."

"कागदापुरतंच त असते सगळं. तुमच्या भाच्याच्या लग्नात आमची पंगत वेगळी बसवली होती तुमच्या मोठेबाबानं, तेबी कागदापुरतंच होतं का?" मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "जाऊ द्या. मी सांगतो तसं करा, काम फत्ते."

अपमान गिळावा तर सल्ला फुकट मिळतो, म्हणून मी गिळला.

राजकमल चौकाच्या मागच्या गल्लीत हसनैनचं दुकान आहे. लग्नाचे अल्बम, श्रद्धांजलीचे फलक आणि वाढदिवसाचे बॅनर ही त्याची खासियत. शहरातल्या कित्येक भावी नगरसेवकांना त्यानं गोरं केलंय. मी पेन ड्राइव्ह दिला. त्यानं पान उघडलं, मोठं केलं आणि म्हणाला, "काका, हे बाकीचे मयत बी तुमचेच का?"

"नाही रे. आमची एकच ओळ."

"मंग दुसऱ्याच्या मयतीचे पैसे तुमी काहून देता? क्रॉप मारू."

मला ते पटलं. वरच्या ओळीत कोणाची तरी म्हातारी तापानं गेलेली, खालच्या ओळीत देवी आलेलं पोर. आपला काय संबंध? हसनैननं चौकट ओढली, आजूबाजूची सगळी माणसं उडवली आणि पणजोबांची एकटी ओळ चकचकीत फोटो कागदावर छापून दिली. लांबट, देखणी. बसच्या पाटीसारखी दिसत होती.

इफ्फत मॅडमनी ती उलटसुलट केली. "गाव कोणतं? साल कोणतं? हे तर कोणत्याही गावचे शाम्या असू शकतात. पानाच्या माथ्यावरचं कुठंय?"

ते मी हसनैनकडे सोडून आलो होतो. परत गेलो. हसनैन म्हणाला, माथा पाहिजे ना, हे घ्या, आणि पानाचा माथा कापून बरोबर आमच्या ओळीच्या वर आणून चिकटवला. मधली माणसं गायब. सांधा कुठं आहे ते शोधून सापडेना. मी त्याचं तोंड भरून कौतुक केलं. ते कौतुक घेऊन दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो.

"हे काय केलंय?" इफ्फत मॅडम.

"क्रॉप."

"याला आमच्याकडे बनावट दस्तऐवज म्हणतात. यात आत जातात माणसं."

गारपिटीच्या रांगेत तोच म्हातारा होता. त्याचं नाव अजून यादीत आलं नव्हतं, त्यामुळे आता आमची ओळख झाली होती. तो म्हणाला, "जा साहेब. आत दोन टाइम जेवन भेटते." मी पाटबंधारे खात्यातला वरिष्ठ लिपिक आहे हे त्याला सांगावंसं वाटलं, पण त्याच्या वावराशेजारून आमचाच कालवा जात असण्याची शक्यता होती. म्हणून कागद उचलला आणि निघालो.

तिसऱ्या खेपेला मी हसनैनला बजावलं की पूर्ण पान छाप, एक माणूसही मारू नकोस. त्यानं पूर्ण पान छापलं. पण माणूस कामाचा हौशी. पिवळा कागद त्याला बघवेना, म्हणून पांढरा शुभ्र केला. कोपऱ्यात एक जांभळट डाग होता, तो मोठ्या मेहनतीनं पुसला. भोवती सोनेरी वेलबुट्टी दिली आणि वर, न विचारता, दोन पणत्या. म्हणाला, "मयतीचा मॅटर हाये म्हनून लावल्या. नको असन तं काढतो."

वेलबुट्टी काढली, पणत्या विझवल्या. डागाचं मात्र माझ्या लक्षात आलं नाही. तो इफ्फत मॅडमच्या लक्षात आला. डाग म्हणजे इंग्रजांच्या कचेरीचा शिक्का होता. "हा कागद एकोणीसशे एकवीसचा आहे की काल संध्याकाळचा?" त्यांनी विचारलं, आणि माझ्यापुढे डबा उघडून जेवायला बसल्या. आमच्या खात्यात लोकांना हाकलायची आमचीही हीच रीत, म्हणून मी वाईट वाटून घेतलं नाही.

चौथी प्रिंट जशीच्या तशी आली. पिवळी, डागाळलेली, म्हातारीसकट, देवीच्या पोरासकट. ती घेऊन मी घरी आलो आणि फाटकात नत्थुजी. "दाखवा," म्हणाले. पाहिली. "असा कागद घेऊन फिरता? दिवस कसे हायेत? आभाळ कवा फाटन नेम नाई. लॅमिनेशन करा. माह्या चारी पोरायचे कागद लॅमिनेट हायेत." आता त्यांच्या पोरांचे कागद शिक्के मारून झाल्यावर लॅमिनेट झाले होते, ही गोष्ट त्यांनी सांगितली नाही आणि मी विचारली नाही. इफ्फत मॅडमनी शिक्का मारला तो प्लास्टिकवरून घसरला. पुन्हा मारला, पुन्हा घसरला. शेवटी त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि शाई सगळी माझ्या बोटाला लागली. मतदान करून आल्यासारखा मी घरी आलो. घरी बायको म्हणाली, "शिकलेल्या माणसाले इतकं वाकड्यात कसं जाता येते?" प्राजक्ता दिवसभर फोन हातात घेऊन कॉलेजची यादी बघत बसायची. तिच्या खालच्या नंबराच्या मुलीचं नावही तिला पाठ झालं होतं. ते पाहिलं की मी उठून पुन्हा चपला घालायचो.

असो. शेवटी साध्या कागदावरच्या साध्या प्रिंटला शिक्का बसला. मी जादा प्रतीसुद्धा करून घेतल्या. समितीच्या खिडकीवर गेलो, छाती पुढे काढून कागद आत सरकवला. खिडकीतल्या माणसानं वाचलं आणि म्हणाला, "तुमच्या वंशावळीत शामराव गोविंदराव. इथं शाम्या गोंद्या. हे दोघं एकच हे कशावरून?"

"आम्हाला माहीत आहे ना."

"तुम्हाला माहीत असून चालत नाही. घरातल्या ज्येष्ठ माणसाचं प्रतिज्ञापत्र आणा, की हे तेच गृहस्थ, जात कुणबी, अमुक साली मयत. नोंद जशी आहे तशी. आणलंत तर सोमवारी सकाळी पडताळणीचा कागद मिळेल."

घरातला ज्येष्ठ माणूस म्हणजे मोठेबाबा. झालं. आता आली का पंचाईत.

मोठेबाबांच्या बैठकीत पणजोबांचं भलंमोठं रंगीत चित्र आहे. फोटो कोणाकडे नव्हताच. अकोल्यातल्या एका पेंटरनं ते मोठेबाबांच्या सांगण्यावरून काढलं. पगडी, तलवार, मिशा. समोर वाघ आहे, तो त्यानं गल्लीतल्या कुत्र्यावरून काढला असावा. अशा माणसाकडून 'शाम्या, कुणबी, हगवण' यावर सही घ्यायची होती.

मी एक युक्ती केली. निदान मी तिला युक्ती समजत होतो. म्हटलं, म्हाताऱ्याला आधी खूश करावं. नोंदीचा एक देखणा तुकडा फ्रेम करून भेट द्यावा, मग सहीचा कागद पुढे करावा. हसनैनकडे गेलो. म्हटलं, जात काप. त्यानं कापली. म्हटलं, शाम्या बरं दिसत नाही, काप. कापलं. गोंद्याही काप. कापला. मग आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो, कारण तिथं फक्त 'हगवण' उरली होती.

"काका," हसनैन बराच विचार करून म्हणाला, "हे फ्रेमले सूट नाई होत."

तेव्हा फ्रेमचा बेत सोडला आणि शाल-नारळ घेऊन शनिवारी सकाळच्या गाडीनं प्राजक्तासह अकोल्याला गेलो. जठारपेठेत मोठेबाबांचं घर. मोठेबाबा आरामखुर्चीत, प्राजक्ता समोर, मी कडेला. नारळ दिला, शाल घातली. मग नोंदीची नक्कल दिली, तिच्याखाली तयार प्रतिज्ञापत्र. त्यांनी भिंग घेतलं.

"कुणबी लिवलं हाये," ते म्हणाले.

"हो."

"लिवनारा कोतवाल पेलेला असन." भिंग पुढे सरकलं. "शाम्या? हे कोन?"

"पणजोबाच ते. तेव्हा सगळ्यांची नावं तशीच लिहीत."

"इंग्रजायचं राज. त्यायले कोनाचं मोठेपन पाहवे नाई." इथपर्यंत ठीक चाललं होतं. त्यांना पोरीचं काम कळत होतं, आणि घरात डॉक्टर होणार याचा त्यांना आनंदही होता. मग भिंग शेवटच्या रकान्यावर आलं आणि तिथंच थांबलं. थोरल्या माणसाचा चेहरा लाल होताना मी अनेकदा पाहिलाय, पण त्या दिवशी कानसुद्धा लाल झाले.

"देवमन, हे काय लिवून राहिलं?"

"कारण."

"आमच्या घराण्यातला मानूस हगवणीनं मरत नाई."

प्राजक्ता म्हणाली, "आजोबा, तेव्हा औषधं नव्हती. लाखो लोक जायचे."

"लाखो लोक जात असन. आमचे वाघानं गेले." त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला आणि व्यवहाराला आले. "हे पाय. जात राहू दे. पोरीच्या कामाची हाये. हगवण काप."

"कापता येत नाही मोठेबाबा. समितीला नोंद जशीच्या तशी पाहिजे. मी कापाकापी करून सगळं भोगलंय."

"मंग असं लिव, वाघाशी झुंजता झुंजता हगवण लागली."

हे मला अगदीच अशक्य वाटलं नाही. माझ्यापुढे वाघ आला तर मलाही लागेल. पण तसं म्हणालो नाही. म्हणालो, "सोमवारी मुदत संपते. हिची जागा जाईल."

"मी सही नाई करत." त्यांनी भिंग पेटीत ठेवलं आणि पेटी लावली. प्राजक्ता खाली मान घालून ओढणीचा काठ गुंडाळत बसली. माझ्या पोरीचं डॉक्टर होणं एका मेलेल्या माणसाच्या पोटावर अडलं होतं. मला हसू येत नव्हतं आणि राग काढायची सोय नव्हती.

तेवढ्यात आशाताई चहा घेऊन आली. आशाताई मोठेबाबांची मुलगी, माझ्याहून मोठी, मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. लग्न झालं नाही. म्हणजे स्थळ आलं होतं. तिवशाचे देवीदास ठाकरे, शाळेत मास्तर, गुणी माणूस, आणि दोघांची शिकताना ओळख होती. ते स्वतः चालून आले, याच बैठकीत बसले. मोठेबाबांनी त्यांना पाणी दिलं, चहा विचारला नाही आणि सांगितलं की आम्ही देशमुख, कुणब्याच्या घरी पोरगी देत नाही. रक्तात फरक असते, असं म्हणाले. मी तेव्हा कॉलेजात होतो, दाराआडून ऐकलं होतं. पुढे देशमुखांची स्थळं फारशी आली नाहीत, आणि जी आली ती ताईनं नाकारली.

तिनं चहा ठेवला आणि कागद उचलला. वर्गात वाचतात तसं मोठ्यानं वाचलं. गाव, साल, मग वरची म्हातारी, मग आमची ओळ. शाम्या वल्द गोंद्या, जात कुणबी. हगवण वाचताना तिचा आवाज तसाच राहिला.

"हा कागद तालुक्याले कवापासून हाये, देवमन?"

"पणजोबा गेले तेव्हापासून."

"म्हंजे देवीदास सर आपल्या घरी आले, तवाबी होता."

मी चहाकडे पाहिलं. मोठेबाबा म्हणाले, "चहा गार होऊन राहिला."

"होऊ द्या. तुमी सही करा, मंग दुसरा टाकतो."

तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. प्रतिज्ञापत्र त्यांच्या मांडीवर ठेवलं, पेन उघडून हातात दिलं आणि कुठं सही करायची तिथं बोट ठेवून उभी राहिली. मोठेबाबांनी काही वेळ पेन नुसतंच धरलं. मग सही केली. लांबलचक केली, देशमुख या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. नोटरी वकिलाला मी आधीच बोलावून ओसरीवर बसवलं होतं, त्यानं आत येऊन शिक्के मारले. प्राजक्ता पाया पडली. तिला रडू येत होतं. ते दिसू नये म्हणून ती खूप वेळ वाकून राहिली. मी शिक्के वाळायला कागद पंख्याखाली धरला.

सही झाली तसे मोठेबाबा पुन्हा खुर्चीत सरळ झाले. पडलेला माणूस धूळ झटकतो तसा त्यांनी घसा साफ केला. म्हणाले, "कागद कागदाच्या जागी, देवमन. पोरगी डाक्टर झाली का स्थळ मात्र आपल्यातच पाहजो."

"आपल्यात म्हंजे कोनात, बाबा?" आशाताईनं कपबशा उचलता उचलता विचारलं. "सही तं तुमीच केली आत्ता."

मोठेबाबा उठले आणि चित्रातल्या वाघावरची धूळ पुसू लागले.

निघताना मी कागद पिशवीत भरत होतो. जादा प्रती वर आल्या. आशाताई दाराशी आली आणि म्हणाली, "त्यातला एक मले ठेवून जा."

"तुला कशाला गं?"

"कोनी विचारलं तं दाखवाले."

मी मूर्ख माणूस. बोलून गेलो, "आता कोण विचारणार?"

"कोनी नाई," ती म्हणाली, माझ्या हातातून कागद घेतला आणि दुसरा चहा टाकायला आत गेली.